चुनार ते काशी : एका रात्रीचा जलप्रवास

सातारा जिल्ह्यातील एका गावी राहणाऱ्या निवृत्त शिक्षकांनी जुने घर आवरताना आईची लोखंडी ट्रंक उघडली. तिच्या तळाशी एका जुन्या नऊवारीच्या घडीत बँकेचे पासबुक निघाले. पासबुकाच्या वेष्टनावर आईने स्वतःच्या वळणदार अक्षरांत एकच शब्द लिहिला होता : ‘काशी’. आतील नोंदी पाच, दहा, कधी वीस रुपयांच्या होत्या. पैसे काढल्याची नोंद एकही नव्हती. अखेरची शिल्लक चार हजार एकशे ऐंशी रुपये होती आणि तिच्यानंतर कोरी पाने होती, कारण त्याच वर्षी, 1996 साली, ती माउली गेली. काशीचे नाव ती रोज घेत असे. काशी मात्र तिला घडली नाही.

पुढची हकिकत बँकेच्या ग्राहकांना उपयोगी पडण्याजोगी आहे, म्हणून थोडक्यात सांगितली पाहिजे. दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ व्यवहार न झालेल्या खात्यांतील रकमा 2014 पासून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग केल्या जातात. तशी ही रक्कमही वर्ग झाली होती. परंतु वर्ग होणे म्हणजे बुडणे नव्हे. खातेदाराचा वा वारसाचा हक्क अबाधित राहतो. त्याने आपल्या शाखेकडे मागणी करावी, बँकेने त्याला पैसे द्यावेत आणि मग निधीकडून परतावा घ्यावा, अशी व्यवस्था आहे. अशा बेवारस ठेवींचा शोध घेण्यासाठी 2023 साली ‘उद्गम’ हे संकेतस्थळही सुरू झाले. आईने वारस म्हणून मुलाचे नाव नोंदवून ठेवले होते, त्यामुळे मृत्यूचा दाखला आणि ओळखीची कागदपत्रे एवढ्यावर काम झाले. व्याजासह साडेअकरा हजारांच्या आसपास रक्कम हाती आली. गुरुजींच्या पत्नीने विचारले, “अहो, या पैशांचे काय करायचे?” गुरुजी म्हणाले, “तिने वर लिहूनच ठेवले आहे की!”

काशीला रेल्वेने एका दिवसात जाता येते. पण आईच्या तोंडून गुरुजींनी लहानपणी ऐकले होते की, तिचे पणजोबा प्रयागहून नावेत बसून काशीत उतरले होते. पहाटेच्या अंधारात घाटांवरचे दिवे पाण्यात उतरलेले त्यांना दिसले होते आणि ते दृश्य घरात तीन पिढ्या सांगितले गेले होते. आईला जायचे होते ते त्या वाटेने. प्रयागपासून काशीपर्यंत नावेने जायचे तर चार-पाच दिवस हवेत. सत्तरी ओलांडलेल्या दांपत्याला ते झेपणारे नव्हते. तेव्हा सोय आणि इच्छा यांच्यात तडजोड होऊन चुनार ते काशी हा टप्पा ठरला. दिवस निवडला तो 2024 च्या कार्तिकातील वैकुंठ चतुर्दशीचा, म्हणजे 14 नोव्हेंबरचा. पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगा घाटावर स्नान व्हावे असा बेत होता.

चुनार हे विंध्याच्या एका सुळक्यावर वसलेले किल्ल्याचे गाव. गंगा येथे डोंगराच्या पायाला धडकून वळते. या परिसरातील वालुकाश्म बारीक कणांचा, फिकट पिवळसर आणि घडवायला सोपा. सम्राट अशोकाचे स्तंभ आणि सारनाथचे सिंहशीर्ष याच दगडाचे मानले जातात. हाच दगड पुढे शतकानुशतके नावांत भरून प्रवाहाबरोबर काशीला गेला आणि तेथील घाटांच्या पायऱ्या झाला. मराठी माणसाने हे विशेष लक्षात घ्यावे, कारण त्या पायऱ्यांपैकी कितीतरी मराठी पैशाने बांधल्या गेल्या आहेत. म्हणजे चुनारहून नावेने काशीला जाणारा यात्रेकरू त्या घाटांच्याच वाटेने जात असतो.

दुपारी बाराच्या सुमारास नाव सुटली. नावाडी पन्नाशीचा, निषाद समाजातील. सोबत अठरा-एकोणीस वर्षांचा पुतण्या. नाव लाकडी, फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून वरून डांबर फासलेली. मागच्या बाजूला छोटे डिझेल इंजिन होते, पण ते परतीसाठी. प्रवाहाबरोबर जाताना तेल जाळणे नावाड्याला मंजूर नव्हते. नाकाडाशी एक बांबू आडवा ठेवलेला होता आणि त्याला खताच्या पोत्यांचे शिवलेले शीड गुंडाळलेले होते. दोन्ही प्रवाशांना त्याने लाइफ जॅकेट घालायला लावले. गुरुजींच्या पत्नीने ते साडीवरून चढवले आणि “आता मी दिंडीतल्या वीणेकऱ्यासारखी दिसते” असे म्हणून सर्वांना हसवले.

पश्चिमेचा वारा सुटताच बांबू उभा राहिला. या वाऱ्याला नावाडी ‘पछुआ’ म्हणतात आणि हिवाळ्यात तो काशीकडे जाणाऱ्याला साथ देतो. पावसाळ्यात पूर्वेचा ‘पुरवा’ वाहतो तेव्हा उलट दिशेच्या नावांचे फावते. जुन्या काळी बंगालकडून मालाने भरलेल्या मोठ्या नावा याच पूर्वेच्या वाऱ्यावर शिडे उभारून प्रवाहाविरुद्ध वर येत. वारा पडला की खलाशी काठावर उतरत, खांद्यावर दोर घेत आणि नाव ओढत चालत. त्या दोराला ‘गून’ म्हणतात. नावाड्याच्या आजोबांच्या खांद्यावर त्या दोराचा घट्टा होता. तो घट्टा सांगताना नावाडी आपल्याच खांद्यावर हात फिरवीत होता.

ही वाट ओस कशी पडली, हे तारखाच सांगतात. 1834 साली कलकत्त्याहून अलाहाबादपर्यंत वाफेची बोट येऊ लागली. 1862 साली रेल्वे काशीच्या समोर मुघलसरायपर्यंत पोचली. 1870 साली मुंबई-जबलपूर मार्ग पुरा होऊन मुंबई आणि कलकत्ता जोडले गेले. 1887 साली राजघाटाजवळचा पूल झाला, ज्याला आज मालवीय पूल म्हणतात. एवढे झाल्यावर नावेत पाच दिवस कोण बसणार? त्यापूर्वीची काशीयात्रा मात्र निराळीच होती. थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई 1735 साली यात्रेला निघाल्या, त्या वर्षानंतर परतल्या. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 च्या धामधुमीत उत्तरेत सापडले; त्यांनी ‘माझा प्रवास’मध्ये जे लिहून ठेवले आहे ते वाचले म्हणजे भागीरथीची कावड घरी सुखरूप पोचवणे ही केवढी कामगिरी होती ते कळते. घरून निघणारा माणूस आप्तेष्टांचा कायमचा निरोप घेऊनच निघे. आजचा यात्रेकरू परतीचे तिकीट आधी पाहतो, आणि त्यात काही गैरही नाही.

साडेचारच्या सुमारास ऊन तांबूस झाले. पाण्याच्या मध्यभागी काळसर पाठ वर आली, एक श्वास सोडल्याचा फुस्स आवाज झाला आणि पाठ दिसेनाशी झाली. “सूंस!” पुतण्या ओरडला. गंगेतील हा डॉल्फिन जवळजवळ आंधळा असतो; स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून तो गढूळ पाण्यात वाट आणि मासे शोधतो. 2009 साली त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून मान मिळाला. गुरुजींनी कॅमेरा काढेपर्यंत नदी पुन्हा सपाट झाली होती.

सव्वापाचला नावाड्याने सुकाणू वळवले आणि नाव एका वाळूच्या दांड्याला लावली.

गुरुजींना हे अपेक्षित नव्हते. बोलणे झाले होते ते रात्रभर जाण्याचे. पहाटेच्या आत पंचगंगेला पोचायचे तर थांबून कसे चालेल? त्यांनी जरा चढ्या आवाजात विचारणा केली. नावाडी शांतपणे म्हणाला, “मास्टरजी, पूर ओसरून महिना-दीड महिनाच झाला आहे. गंगामैयाने यंदा वाळू कोठे टाकली आहे, ते तिलाच ठाऊक. गेल्या वर्षीची वाट यंदा नाही. अंधारात मी माझी नाव नेईन, तुम्हाला नेणार नाही.” सूर्यास्तानंतर प्रवासी घेऊन जाण्यास मनाई असते, हेही त्याने सांगितले, पण नियमाच्या आधी त्याने वाळूचे नाव घेतले होते. चंद्र चांगला वर आला, प्रकाश स्थिर झाला की तीनच्या सुमारास निघू, असा तोडगा निघाला. गुरुजी गप्प बसले. आईच्या पैशांनी घेतलेली पहाट हातची जाते की काय, ही रुखरुख त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती.

तो दांडा म्हणजे बेटच होते. एका बाजूला मुख्य प्रवाह, दुसऱ्या बाजूला गुडघाभर पाण्याचा फाटा. लांबी अर्धा किलोमीटर असेल. पावसाळ्यात येथे दोन पुरुष पाणी असते. नोव्हेंबरात पांढरी, पायाला थंड लागणारी, नव्या कोऱ्या कापडासारखी वाळू. तिच्यावर पक्ष्यांच्या पावलांखेरीज एक खूण नव्हती. गोवऱ्यांचा विस्तव पेटला. नावाड्याने त्यात कणकेचे गोळे भाजले, वांगे आणि टोमॅटो भाजून चोखा केला. गुरुजींच्या पत्नीने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. दोन्हीकडची देवाणघेवाण झाली. चटणी तिखट लागूनही पुतण्याने तीनदा मागून घेतली.

गुरुजी शाळेत भूगोल शिकवीत. त्यांना दुसरे बेट आठवले. पूर्वी एकदा त्यांनी कोचीहून लक्षद्वीपची बोट घेतली होती. दुपारी निघालेली बोट रात्रभर चालली आणि सकाळी कवरत्तीच्या पुढ्यात उभी राहिली, तेव्हा गडद निळे पाणी एका रेषेवर एकाएकी हिरवे झालेले दिसले. ती रेषा म्हणजे प्रवाळाची भिंत. टाचणीच्या डोक्याएवढे जीव समुद्रातून चुना घेतात, स्वतःभोवती घर बांधतात, मरतात, त्यांच्यावर दुसरे बांधतात, आणि हजारो वर्षांनी समुद्राच्या पोटातून एक कंकण वर येते. तळाची जमीन हळूहळू खचत असताना प्रवाळ वर वर वाढत जातो म्हणून बेटाचा आकार कंकणासारखा होतो, ही उपपत्ती चार्ल्स डार्विनने 1842 साली मांडली. लक्षद्वीपची सारी जमीन एकत्र केली तरी ती अवघी 32 चौरस किलोमीटर भरते, पण तिच्यावर नारळ उभे आहेत, घरे आहेत, शाळा आणि बँकाही आहेत. “ते बेट बांधायला हजारो वर्षे लागतात,” गुरुजी पत्नीला म्हणाले, “आणि हे चार महिन्यांत झाले. पुढच्या आषाढात जाईल.”

नावाड्याला यात नवल वाटले नाही. या वाळूवर त्याची शेती असते. नदीतून वर येणाऱ्या अशा जमिनीला ‘दियारा’ म्हणतात. हिवाळ्यात वाळूत खड्डे घेऊन त्यांत शेणखत घालायचे, वेल लावायचे आणि उन्हाळ्यात टरबूज, खरबूज, काकडी काढायची. पाणी खाली असतेच. मेहनत मात्र घागरी वाहण्याची. पीक चांगले आले तर इंजिनाचा हप्ता निघतो.

हप्त्याचा विषय निघाला तेव्हा रात्र बरीच वर आली होती, आणि येथे बँकेच्या माणसांनी थोडे थांबून विचार करावा असे बरेच आहे. दियाऱ्याची जमीन कोणाची? हा प्रश्न इंग्रजांनाही पडला होता. त्यांनी 1825 साली त्यासाठी खास नियम केला. नदीने काठाला हळूहळू भर घालून वाढवलेली जमीन लगतच्या धारकाची. मोठ्या नदीच्या मध्ये, सहज पायी ओलांडता न येणाऱ्या पाण्यापलीकडे नवे बेट निघाले तर ते सरकारचे. कागदावर हे स्वच्छ आहे. पण यंदा फाटा गुडघाभर असतो आणि पुढच्या वर्षी बुडवील इतका होतो, तेव्हा त्याच वाळूचा मालक बदलतो की काय? अशा जमिनीचा सातबारा कोणी कोणाला द्यावा, आणि तो नसेल तर कर्जाला तारण काय घ्यावे? नावाड्याने 2015 पासून सुरू झालेल्या मुद्रा योजनेतून इंजिनासाठी कर्ज घेतले होते. तारण द्यावे लागले नाही. इंजिन तेवढे नजरगहाण होते. हप्ते मात्र बारा महिने सारखे. गंगा वाढली की प्रशासन नावा बंद ठेवते. तेव्हा दीड-दोन महिने आणि एखाद्या वर्षी त्याहून अधिक काळ घरात पैसा येत नाही. भाद्रपदातले दोन हप्ते त्याने बायकोची पैंजणे मोडून भरले होते आणि हे सांगताना त्याचा सूर तक्रारीचा नव्हता. नदी आहे तर पूर यायचाच, असा होता. पिकांच्या कर्जाची परतफेड हंगाम पाहून ठरवतात. 1998 साली आलेले किसान क्रेडिट कार्ड त्याच विचारावर उभे आहे आणि 2018-19 पासून ते मच्छीमारांसाठीही खुले झाले. नावेचाही हंगाम असतो. जो अधिकारी नावाड्याचे कर्ज मंजूर करताना पंचांग आणि पुराची पातळी पाहील, त्याची वसुली अधिक चांगली होईल यात शंका नाही.

पुराची पातळी म्हणजे केवढी, याचा अंदाज काशीच्या आकड्यांवरून यावा. वाराणसीत धोक्याची पातळी समुद्रसपाटीपासून 71.262 मीटर आहे. 1978 सालच्या महापुरात पाणी 73.901 मीटरपर्यंत चढले होते. उन्हाळ्यात हीच नदी साठीच्या खाली असते. म्हणजे एका वर्षात चार मजली इमारतीएवढी चढउतार. घाटांना शंभर-शंभर पायऱ्या का, याचे उत्तर त्यात आहे. पायऱ्यांची ती उंची नदीच्या वर्षभराच्या फरकाची आहे.

नावाड्याने पुतण्याला निजवले आणि स्वतः विस्तवाशी बसून राहिला. दक्षिण काठाकडून मधूनमधून रेल्वेचा खडखडाट येई. कोल्हे एकदा ओरडले. गुरुजींच्या पत्नीला झोप लागली, गुरुजींना नाही. त्यांनी पिशवीतून तांब्याचा गडू काढून वाळूवर ठेवला आणि त्याच्याकडे पाहत राहिले. तो आईचा होता.

तीन वाजता नाव पाण्यात ढकलली. चतुर्दशीचा चंद्र पश्चिमेकडे कलला होता आणि नदी दुधी झाली होती. वारा पडला होता, म्हणून शीड उतरवले. दोन वल्ही आणि एक लांब बांबू, ज्याला ‘लग्गी’ म्हणतात. नावाडी बसला सुकाणूशी, पण त्याचे लक्ष कानांत होते. उथळ पाणी वाळूवरून जाताना छरछर वाजते, खोल पाणी मुके असते. दोनदा त्याने नुसत्या आवाजावरून नाव बाजूला घेतली. गुरुजींना काहीच ऐकू आले नव्हते. प्रयागपासून हल्दियापर्यंतचा 1620 किलोमीटरचा हा जलमार्ग 1986 साली पहिला राष्ट्रीय जलमार्ग म्हणून घोषित झाला आहे. 2018 साली कोलकात्याहून कंटेनर भरलेले जहाज वाराणसीच्या रामनगर बंदरात आले. 2023 च्या जानेवारीत ‘गंगा विलास’ ही पर्यटक नौका येथूनच दिब्रुगडकडे सुमारे 3,200 किलोमीटरच्या सफरीवर निघाली. त्या नौकांसाठी खोली मोजणारी यंत्रे आहेत. वाराणसीच्या वरच्या अंगाला, हिवाळ्याच्या आरंभी, छोट्या लाकडी नावेला मात्र अजून कानच पुरेसे असतात, निदान बहुतेक वेळा.

पाचच्या सुमारास चंद्र बुडाला. उजाडायला अवकाश होता. ती मधली अर्धी घटकाच नावाड्याला नको होती आणि नेमके तेव्हाच नावेखाली खरखर झाली. वल्हे वाळूत रुतले. नाव थांबली.

कोणी काही बोलले नाही. पुतण्याने शर्ट काढला आणि कंबरभर पाण्यात उतरला. नोव्हेंबरातले गंगेचे पहाटेचे पाणी अंगाला चावते. नावाडीही उतरला. दोघांनी खांदे लावले, नाव हलेना. मग नावाडी नम्रपणे म्हणाला, “माताजी, आपण तेवढ्या मागच्या बाजूला बसा. मास्टरजी, आपणही.” वजन मागे गेले, नाकाड उचलले, आणि तिसऱ्या रेट्याला नाव सुटली. पण ती भलत्याच अंगाने सुटली, पुन्हा टेकली, पुन्हा ढकलावी लागली. गुरुजी विजेरी धरून उभे होते. त्यांना खाली उतरायचे होते. पत्नीने हाताला धरून बसवले. “तुम्ही उतरलात तर आधी तुम्हाला ढकलावे लागेल,” ती म्हणाली. वीसेक मिनिटे गेली. पुतण्या नावेत आला तेव्हा त्याचे दात वाजत होते. गुरुजींच्या पत्नीने आपली शाल त्याच्या अंगावर टाकली. तो नको नको म्हणत राहिला आणि शाल घट्ट ओढून घेत राहिला.

पुढे राष्ट्रीय महामार्गाचा विश्वसुंदरी पूल आला. वरून ट्रक चालले होते आणि त्यांचा थरथराट पाण्यापर्यंत येत होता. मग उजवीकडे रामनगर. राजा बलवंतसिंहाने अठराव्या शतकात बांधलेल्या तेथील किल्ल्याचे बुरूज काळोखात जड दिसत होते. त्याच्याच मुलाची, चेतसिंहाची, कथा या पाण्याशी जोडलेली आहे. 1781 च्या ऑगस्टमध्ये वॉरन हेस्टिंग्जने त्याला शिवाला येथील वाड्यात कैद केले, तेव्हा पगड्यांना पगड्या बांधून तो खिडकीतून नावेत उतरला आणि रामनगरला निसटला. पाठोपाठ खुद्द हेस्टिंग्जलाही जिवाच्या भीतीने काशीहून चुनारचा किल्ला गाठावा लागला. चेतसिंहाला शेवटी आश्रय मिळाला तो महादजी शिंद्यांचा. ग्वाल्हेरीतच तो 1810 साली वारला.

येथून नदी उत्तरेकडे वळते. डाव्या हाताला अस्सी आले आणि पूर्वेचा काठ राखाडी झाला.

गुरुजी नाकाडाशी जाऊन बसले. आता जे येणार होते ते त्यांना पुस्तकांतून पाठ होते. अस्सीच्या शेजारी भदैनी, जेथे झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे जन्मस्थान म्हणून स्मारक आहे. पुढे चेतसिंहाचा वाडा, हरिश्चंद्र घाटावरचा न विझणारा धूर, केदार घाटाचे तांबडे-पांढरे पट्टे. मग राजा घाट. पेशवाईच्या अखेरच्या गोंधळातून बाजूला झालेले अमृतराव पेशवे काशीत येऊन राहिले आणि 1824 साली येथेच निवर्तले. त्यांचा हा घाट. मग अहिल्याबाई घाट. काशीविश्वेश्वराचे आजचे देऊळ देवी अहिल्याबाई होळकरांनी 1780 साली उभे केले, मणिकर्णिकेचा घाटही त्यांनी बांधला. इंदूरच्या त्या विधवा राणीने साऱ्या भारतभर देवळे, घाट आणि विहिरी बांधल्या आणि स्वतः महेश्वरात साध्या घरात राहिल्या. दशाश्वमेधाच्या बांधणीत नानासाहेब पेशव्यांचे नाव सांगतात. मणिकर्णिकेपलीकडे शिंदे घाट : दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई शिंदे यांनी तो इतका भव्य बांधला की स्वतःच्या भाराने तो खचला. जवळच रत्नेश्वराचे देऊळ पाण्यात कलून उभे आहे, चालता चालता अडखळल्यासारखे. त्यापुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट. ब्रह्मा घाट आणि दुर्गा घाट पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांच्या नावाशी जोडलेले. त्यांच्या मागच्या गल्ल्यांत मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. चुनारचा दगड आणि सातारा-पुणे-नागपूर-इंदूरचा पैसा यांची ही साडेसहा किलोमीटरांची वखार आहे, असे एखादा हिशेबनीस म्हणेल.

आईच्या पणजोबांनी पाहिलेले दिवे मात्र दिसतील का, ही गुरुजींची धास्ती होती. घाटांवर आता विजेचे प्रखर झोत असतात. त्यांच्या उजेडात पाणी पिवळे दिसते आणि पणती कोठे विझते ते कळतही नाही. त्या दिवशी संध्याकाळी देवदीपावली होती. पायऱ्यांवर लाखो पणत्या मांडण्याची तयारी चालू होती, बॅरिकेड लागले होते, नमो घाटाच्या बाजूने गॅसवर चालणाऱ्या नावा एकामागून एक येत होत्या. काशीतील बऱ्याच नावांची डिझेल इंजिने 2021 नंतर बदलून सीएनजीची झाली आहेत. नमो घाटाशी त्यांच्यासाठी पाण्यावर तरंगते इंधन केंद्रही आहे. धूर कमी झाला, हे मान्य केलेच पाहिजे. आवाज फारसा कमी झालेला नाही.

नाव भोसले घाटाच्या पुढे सरकली आणि नावाड्याने वल्हे थांबवून हात वर केला. “मास्टरजी, तिकडे!”

पंचगंगा घाटावर उंच बांबूंच्या टोकांना वेताच्या टोपल्या लटकत होत्या आणि त्यांतल्या काहींत अजून दिवे होते. कार्तिक महिनाभर पितरांसाठी हे आकाशदीप लावतात. संध्याकाळी तेल घालून दोरीने वर चढवतात. बहुतेक पहाटेपर्यंत विझतात. पाच-सहा उरले होते. याच घाटावर अहिल्याबाईंनी दिलेला दगडी हजारा दीपस्तंभ आहे. मागे आलमगीर मशीद उभी आहे. तिचे दोन उंच मिनार, ज्यांना लोक बेणीमाधवाचा धरहरा म्हणत, एके काळी दूरवरून येणाऱ्या नावाड्यांची खूण होती. त्यांपैकी एक 1948 साली कोसळला आणि आज दोन्ही नाहीत. म्हणून काशीत पाण्याने येणाऱ्याला कार्तिकात उरते ते हे बांबू. झोतांच्या वर, काळ्याच राहिलेल्या आकाशाच्या पट्टीत ते पाच-सहा ठिपके पिवळे आणि बारीक हलत होते. नाव जवळ गेली तसे ते खाली पाण्यातही उतरले.

गुरुजी काही बोलले नाहीत. पत्नीने त्यांच्या हातात गडू दिला.

घाटावर गर्दी होती, पण पाण्याच्या बाजूने येणाऱ्याला पायऱ्या मोकळ्या मिळतात. दोघांनी स्नान केले. सहा वाजून गेले होते. समोरच्या वाळूमागून सूर्य वर येण्यापूर्वी तीन बुड्या झाल्या. तिसरी बुडी गुरुजींनी आईच्या नावाने मारली. गडू भरून त्याचे तोंड मेणाने बंद केले. तो साताऱ्याला जायचा होता.

मग हिशेब झाला. ठरलेल्या रकमेवर गुरुजींनी वाळूतल्या खोळंब्याबद्दल काही जास्त देऊ केले. नावाडी म्हणाला, “नाव मी अडकवली, पैसे तुम्ही कसे द्यायचे?” बराच वेळ घासाघीस झाली, नेहमीच्या उलट दिशेने. अखेर पुतण्याकडे शाल राहू द्यावी यावर दोन्ही पक्ष राजी झाले. गुरुजींनी खिशातून वही काढली, खर्च टाकला. आईच्या खात्यातले दोन हजार तीनशे रुपये अजून उरत होते. “गयेचे भाडे होईल,” ते म्हणाले. “त्रिस्थळीतले एक तरी आणखी करू.”

गावी परतायला नावाड्याला दिवसाउजेडी निघणे भाग होते. पछुआ पुन्हा सुटला होता, म्हणजे आता तो समोरून येणार. पुतण्याने शीड गुंडाळून बांबूला बांधले. इंजिनाची दोरी त्याने दोनदा ओढली, तिसऱ्यांदा ते धरले आणि नाव चुनारच्या दिशेने वळली.